पाण्याबरोबर चालत

खोलगट जागी येऊन पाणी थांबलं. आम्हीही थांबलो.

"बस," ऐकारुवा म्हणाली. "मातीला प्यायचंय. पिऊ दे."

ती पाटाच्या काठावर पाय लांब सोडून बसली, कोयता मांडीवर घेतला. मी शेजारी टेकले. भल्या पहाटे आम्ही दोघी वर जंगलात, पाटाच्या मुखाशी होतो, ओढ्याचं पाणी पाटात वळवलं. तिथून पाण्याच्या बरोबरीने उतरत इथवर आलो होतो. पाण्याबरोबर उतरायचं म्हणजे धावायचं नाही आणि रेंगाळायचंही नाही. ते नेईल तसं जायचं. त्याच्या तोंडाशी वाळकी पानं, मेलेले भुंगे, धूळ असा सगळा पसारा असतो. तो पुढे ढकलत ते येतं, मध्येच एखाद्या भेगेत शिरतं, भेग भरली की पुन्हा निघतं. कोरड्या मातीत पाणी शिरताना बारीक आवाज होतो, तव्यावरच्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवल्यासारखा. तो आवाज ऐकत मी मनात देवाचं नाव घेत होते.

"पोचेल का गं?" मी विचारलं.

"मला काय विचारतेस? त्याला विचार."

"ते गप्प बसलंय."

"मग तूही बस."

ख्रिसमसचा दुसरा दिवस होता. खाली कियोनी गावात घरोघरी माणसं मावत नव्हती. दार-एस-सलामहून, अरुशाहून, कुठून कुठून लेकरं-नातवंडं आली होती, गाड्या केळीच्या बागांत उभ्या होत्या. दुपारच्या जेवणानंतर न्देसारियो बाबांच्या अंगणात कुळाची बैठक बसणार होती. तोवर पाणी त्या अंगणात पोचलं तर पाट राहणार. नाही पोचलं तर पाटाची जागा घराघरांत वाटून तिच्यावर केळी लावायची, असं ठरलं होतं. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पाणी आणायचं ऐकारुवाने, हेही ठाऊक होतं, आणि त्यावर गावात पुष्कळ हसूनही झालं होतं.

ऐकारुवा माझी शेजारीण. आमची मक्याची गिरणी तिच्या बागेच्या खालच्या अंगाला आहे, मी लग्न होऊन समुद्रापलीकडून आले तेव्हापासून. इथे आईला मामा म्हणतात आणि बाईला थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारतात. त्यामुळे ती मामा न्सिया आणि मी मामा केदार. साठीला आलेली उंच बाई, एक गुडघा दुखरा, पुढचा एक दात पडलेला. हसते तेव्हा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. तिचं नाव म्हणजे देवाचे आभार. तिच्या आईला पाच मुलांनंतर मुलगी झाली, तेव्हा ठेवलेलं.

तिचे वडील पलीकडच्या खोऱ्यात पाटाचे राखणदार होते. तिथल्या पाटाची दरवर्षी डागडुजी व्हायची, मग वरून पाणी सोडायचे आणि तिचे वडील त्या पहिल्या पाण्याबरोबर चालत गावापर्यंत यायचे. पोरं खाली वाट बघत उभी असायची. आधी वडिलांचे पाय दिसायचे, मग पाणी.

"मला वाटायचं, बाबाच ते पाणी दोरीला बांधून आणतात," तिने मला एकदा सांगितलं होतं. "बकरी आणतात तसं. मी म्हटलं, मला पण यायचंय. एकदाच. मुखापासून घरापर्यंत पाण्याबरोबर चालत. ते म्हणाले, मुलींनी वर जायचं नसतं, पाणी बुजतं."

पाणी बुजतं, हे इथे सगळेच मानत. बाईने मुखाशी जायचं नाही. वाटेतल्या उंबरापर्यंत जेवणाची टोपली न्यायची, तिथे ठेवायची, मागे फिरायचं.

ती या गावात सून म्हणून आली. सासरच्या कुळाचा स्वतःचा पाट होता, पणजोबांनी खणलेला. तिने नवऱ्याला विचारलं. एलिरेहेमा भला माणूस होता, नाही असं तोंडावर म्हणायचा नाही. म्हणाला, कॉफीचा हंगाम होऊ दे. हंगाम झाला, न्सिया झाली, मग तिच्या पाठची तिघं. मग सरकारी नळ आला आणि पाटाकडे कुणी बघेना. मग एका पावसात वरचा उतार घसरला, पाट मधोमध तुटला आणि जवळजवळ सगळे पुरुष शहराकडे गेले. नळाला एक दिवस पाणी येतं, चार दिवस येत नाही. मग एलिरेहेमाही गेला, देवाघरी.

"आणि मग?" मी त्या खोलगट जागी बसल्या बसल्या विचारलं. तिच्या तोंडून ते सगळं पूर्वी तुकड्यातुकड्याने ऐकलं होतं, पण आज पाणी समोर असताना पुन्हा ऐकावंसं वाटलं.

"मग काय. सासू आधीच गेली होती. पोरं शहरात. एक दिवस चुलीपाशी बसले होते आणि लक्षात आलं, मला नाही म्हणणारं माणूसच उरलेलं नाही. तरी मी जात नव्हते. नाही म्हणायचं काम आता मीच करत होते, मामा केदार. आणि सगळ्यांपेक्षा चांगलं करत होते."

"मग बुद्धी कुणी दिली? देवाने?"

"गायीने."

तिचे खांदे हलायला लागले.

ही मात्र अगदी खरी गोष्ट आहे, मी डोळ्यांनी पाहिलेली. इथे गाय घरातच बांधलेली असते, तिला वैरण बाईने आणायची. गवत मिळतं खाली सपाटीवर. बायका पहाटे उतरतात आणि डोक्यावर भारा घेऊन चढून येतात. त्या वर्षी ऐकारुवाचा गुडघा फार दुखायला लागला. उतरणं जमायचं, चढणं जमेना. घरामागे मेलेल्या पाटात ओल धरलेली होती, तिथे गवत कमरेएवढं वाढलेलं. तिने तिथलंच कापायला सुरुवात केली. पाट मोकळा करायचा वगैरे मनात काही नव्हतं. गायीला खायला हवं, एवढंच. रोज एक भारा. आजच्याच्या पुढचं उद्या. कापताना दगड लागला तर विळ्याला धार राहत नाही म्हणून दगड काढून कडेला ठेवायचा. माती ढासळलेली असेल तर पाय ठेवायला ती खोऱ्याने ओढायची. असं करत करत गायीच्या मागे मागे ती वर चढत गेली.

गावात म्हणायला लागले, मामा न्सियाची गाय पाट खाते.

आणि एका सकाळी ती गिरणीवर आली. मी पीठ मोजून देत होते. म्हणाली, "चल, एक दाखवायचंय." मी म्हटलं, "गिऱ्हाईक आहे." "गिऱ्हाईकालाही घेऊन चल." मला ओढतच घेऊन गेली, वर, जिथपर्यंत तिचं कापणं झालं होतं तिथे. "आता मागे बघ."

मी मागे पाहिलं. केळीच्या हिरव्यागार पसाऱ्यातून एक रेघ खाली गेली होती, भांग पाडल्यासारखी. कुठे वळत, टेकडीच्या पोटाला धरून, कुणाच्या बागेतून, कुणाच्या घरामागून, थेट तिच्या अंगणाकडे. मी इतकी वर्षं त्या गावात राहिले, पण तिथे पाट आहे हे मला त्या दिवशी दिसलं. शंभर वर्षांमागे कुण्या माणसाने नुसत्या नजरेने तो उतार धरला असेल, आणि तो पुसला नव्हता, गवताखाली तसाच होता. मी नकळत हात जोडले.

"मी हे करत होते आणि मलाच माहीत नव्हतं," ऐकारुवा हळू आवाजात म्हणाली. "भारा उचलायला वळले तेव्हा दिसलं. तिथेच बसले. मग रडले, मग हसले. मग म्हटलं, आता तर झालंच की सुरू."

मध्ये पावसाळ्यात सगळं गवत पुन्हा वाढलं. मला वाटलं, ही आता सोडून देणार. तिने विळा घेतला आणि खालपासून पुन्हा कापायला लागली. "गायीला पुन्हा वैरण झाली," म्हणाली.

खोलगट जागा भरली. पाण्याने कडेला एकदा जीभ लावली, मागे आलं, आणि मग शांतपणे पलीकडे उतरलं. ऐकारुवा उठली, गुडघ्यावर हात दाबून. आम्ही निघालो.

थोडं खाली तो उंबर आहे. बायकांची हद्द. पाणी त्याच्या मुळांत घुटमळायला लागलं तेव्हा तिने झाडाच्या खोडावर थाप मारली, जुन्या ओळखीच्या माणसाच्या पाठीवर मारावी तशी.

इथे ती गवत कापत कापत येऊन थांबली होती, आणि बरेच महिने थांबूनच राहिली होती. उंबराच्या वर जायचं तर कुळाची परवानगी हवी, आणि ती बाईला कधी कुणी दिलेली नव्हती. रोज सकाळी ती उंबरापर्यंत यायची, तिथलंच उरलंसुरलं गवत खरडायची आणि परत जायची. गाय बारीक झाली. शेवटी एका शनिवारी तिने कुंपणाला लावलेल्या इसालेचं एक पान तोडलं, त्याला गाठ मारली आणि न्देसारियो बाबांकडे गेली.

गाठ मारलेलं इसालेचं पान म्हणजे माफी. किती का मोठा अपराध असेना, अपराधी माणूस हे पान घेऊन दारात उभा राहिला आणि समोरच्याने ते हातात घेतलं, की माफ करावंच लागतं. म्हणून शहाणी माणसं पान घेण्याआधी कशाचं ते विचारून घेतात.

न्देसारियो बाबा म्हणजे कुळातले सर्वांत थोर. एलिरेहेमाचे चुलत काका. त्या शनिवारी ते चार म्हाताऱ्यांबरोबर म्बेगे पीत बसले होते. केळ्यांची ती दारू मोठ्या भोपळ्यातून फिरत होती. मी गिरणीचा निरोप घेऊन तिथे गेले होते, त्यामुळे सगळं समोर घडलं. ऐकारुवा आली, गुडघ्यावर बसली, दोन्ही हातांनी पान पुढे केलं. बाबांचा एक हात भोपळ्याला होता. दुसरा त्यांनी सवयीने पुढे केला आणि पान घेतलं.

"कुणाशी भांडलीस?" त्यांनी विचारलं.

"कुणाशीच नाही, बाबा."

"मग काय, कुणाची बकरी मारलीस?"

"नाही."

"मग माफी कशाची?"

"उद्याची," ऐकारुवा म्हणाली. "उद्या मी उंबराच्या वर जाणार आहे."

मग एक म्हातारा भोपळा खाली ठेवून म्हणाला, "न्देसारियो, पान घेतलंस रे."

"मला दिसतंय मी काय घेतलंय ते," बाबा चिडून म्हणाले. "अगं, आधी गुन्हा करायचा, मग पान आणायचं. ही काय पद्धत झाली?"

"गुन्हा करून आले असते तर तुम्ही म्हणाला असता, बाई कपटी आहे. आधीच सांगितलेलं बरं."

म्हातारे हसायला लागले. एकाला ठसका लागला. बाबा हसले नाहीत. ते त्या पानाकडे बघत राहिले. परत द्यायची सोय नव्हती.

"तुझ्या सासूने असं कधी केलं नसतं," ते म्हणाले.

"त्यांचे गुडघे चांगले होते, बाबा. त्यांना गवत खालून आणता यायचं."

मग बाबांनी अट घातली. माफ केलं, जा. पण ख्रिसमसला सगळं कुळ जमेल, तेव्हा पाणी माझ्या अंगणात दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर पाण्याला बाईचा वास लागला, ते बुजलं, असं मी सगळ्यांसमोर सांगेन आणि पाट बुजवून टाकीन. पोरं नाहीतरी केळी लावायला जागा मागतातच आहेत.

"हो, बाबा," ती म्हणाली आणि उठली. फाटकाबाहेर आल्यावर मला म्हणाली, "चल लवकर, पान परत द्यायची युक्ती त्यांना सुचायच्या आत."

दुसऱ्या दिवशी चर्चमधून आल्यावर ती वर गेली. मलाही घेऊन गेली. म्हणाली, "दोघी असलो तर कुणाला शिक्षा करायची यात देवाचा गोंधळ होईल." आमचा गोंधळ मात्र तुटलेल्या जागी झाला. उतार घसरला होता तिथे पाट नव्हताच, नुसती हवा होती. पूर्वी अशा ठिकाणी लाकूड पोखरून पन्हळ घालत. तसं लाकूड आता जंगलातून तोडता येत नाही. ती बराच वेळ त्या दरीकडे बघत उभी राहिली आणि मग खाली आली.

त्या आठवड्यात एका सकाळी मी तिच्याकडे विस्तव मागायला गेले, तर ती स्वयंपाकाच्या झोपडीवर चढून पत्रे उचकटत होती. एकेक पत्रा वाकवून तिने पन्हळी केल्या, डोक्यावरून वर नेल्या, खुंट ठोकून त्या दरीवर एकापुढे एक बसवल्या. मी पत्रे धरायला जात असे. दुसरी कुणी आली नाही, पण घरून निघताना कुणाकुणाच्या फाटकाशी उकडलेली केळी पानात बांधून ठेवलेली सापडायची. कुणी ठेवली ते कुणी बोललं नाही.

ख्रिसमसला न्सिया दार-एस-सलामहून आली. बँकेत आहे ती, चांगली शिकलेली. आल्या आल्या ओरडली, "आई, तुझ्या स्वयंपाकघराला छप्पर नाही."

"आहे की," ऐकारुवा म्हणाली. "वर डोंगरात आहे."

उंबरापासून पाणी सुटलं आणि चांगलं चाललं. आता बागा सुरू झाल्या होत्या. केळीच्या सावलीत बायका उभ्या होत्या, कडेवर पोरं घेतलेल्या. पाणी पुढे गेलं की त्या मागून चालायला लागत, पाटापासून जरा दूर राहून. मी एकदा मागे पाहिलं तर बरीच मोठी रांग झाली होती.

आणि न्देसारियो बाबांचं घर दिसायला लागलं होतं, लोक बैठकीला जमताना दिसत होते, तेवढ्यात पाणी नाहीसं झालं.

थांबलं नाही, नाहीसं झालं. पाटाच्या तळाशी घुशीसारख्या जनावराने पोखरलेलं बीळ होतं. वरून नुसती ओली माती दिसत होती. पाणी येत होतं आणि गटगट आवाज करत बिळात जात होतं. पलीकडे पाट कोरडा ठणठणीत.

ऐकारुवा बिळापाशी गुडघ्यांवर बसली. दुखरा गुडघाही विसरली. हाताने चिखल घालायला लागली. चिखल आत जात होता. गवत घातलं, तेही गेलं. माझ्या तोंडून देवाचं नाव मोठ्याने निघालं.

काठावर शहरातून आलेले पुतणे उभे होते, नव्या शर्टांत, चकचकीत बुटांत. त्यातला एक, एलिरेहेमाच्या धाकट्या भावाचा मुलगा, नाव अन्सेल्म, म्हणाला, "काकू, राहू दे ना. बाबांना आम्ही सांगतो, एवढ्यापर्यंत आलं होतं म्हणून."

"एवढ्यापर्यंत," ऐकारुवा मान वर न करता म्हणाली. "तुझ्या वेळी तुझ्या आईला कळा येत होत्या ना, तेव्हा मी तिला तेच सांगायला हवं होतं. एवढ्यापर्यंत आलाय, राहू दे."

मागच्या बायका फस्सकन हसल्या. अन्सेल्मचा चेहरा उतरला.

"हात दे," ती म्हणाली. "नाहीतर बूट तरी बाजूला घे, माझ्या उजेडात येतायत."

तो जरा वेळ उभा राहिला. मग बूट काढले, मोजे काढून त्यात कोंबले, आणि पाटात उतरला. केळीचं एक खोड आडवं पडलं होतं, ते त्याने उचलून आणलं. ऐकारुवाने कोयत्याने त्याचा बुंधा तासला आणि दोघांनी मिळून तो बिळात उभा ठोकला, कडेने चिखल लिंपला. अन्सेल्म त्याच्यावर उभा राहून नाचला. ऐकारुवाने डोक्यावरून घेतलेला वरचा कांगा, इथल्या बायका अंगाला गुंडाळतात ते रंगीत कापड, सोडला आणि त्यावर पसरून दगड ठेवले. गटगट आवाज बारीक झाला, मग थांबला.

पाणी भरायला लागलं. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. त्या वेळी मला वाटलं, एवढी माणसं एका ठिकाणी इतकी गप्प मी चर्चमध्येही पाहिली नाहीत आणि आमच्या देवळातही नाही. ते घोट्याएवढं झालं. कांग्याच्या कडा तरंगल्या. आणि मग ते पलीकडे निघालं.

ऐकारुवा उठली. तिचे हात कोपरापर्यंत चिखलाचे होते, डोकं उघडं. ती पाण्याच्या बरोबरीने चालायला लागली. यापुढे मी तिच्या शेजारी गेले नाही, मागे राहिले. तिने पावलं मोठी टाकली नाहीत की घाई केली नाही. शेवटच्या वळणावर पाणी तिच्या किंचित मागे पडलं, म्हणून अंगणातल्या माणसांना आधी तिचे पाय दिसले.

न्देसारियो बाबा खुर्चीवरून उठले. त्यांना दोघांनी धरलं होतं, ते हात त्यांनी सोडवले. पाणी अंगणातल्या दगडी नाल्यात आलं. तो नाला इतका जुना की त्यात कोंबड्या अंडी घालत. एक कोंबडी ओरडत उठून पळाली. बाबा वाकले, पाण्यात हात बुडवला, तसाच ठेवला. बराच वेळ. मग ओला हात त्यांनी स्वतःच्या तोंडावरून फिरवला आणि काहीतरी पुटपुटले. शब्द मला कळले नाहीत, पण एवढ्या वर्षांत बाबांचा आवाज तसा मी ऐकला नव्हता. एखादं पोर झोपेत बोलावं तसा.

"बुजलं नाही," ते मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मागच्या म्हाताऱ्या बायका एकेक करून पुढे आल्या. पाट ओलांडायला त्या घाबरत होत्या. मग एकीने पाय उचलला आणि पाण्यात ठेवला. बाकीच्या बघत राहिल्या, काय होतंय ते. काही झालं नाही. थंडगार पाणी तिच्या पायावरून गेलं आणि ती हसायला लागली.

देव माणसाला दिसतो का, हे मला माहीत नाही. मी रोज दिवा लावते, तेवढंच माझं. पण त्या दिवशी त्या अंगणात उभं राहून मला वाटलं, तो असाच येत असेल. पालापाचोळा ढकलत, मध्ये थांबत, भेगा भरत. आणि त्याला आणायला गवताचा विळा पुरतो.

बैठक झाली. पाट राहणार, यावर कुणी वाद घातला नाही. वाद झाला राखणदारीवर. दरवर्षी माणसं बोलवायची, डागडुजी करायची, पाळ्या लावायच्या, हे कोण करणार? एकेक पुतण्या मान खाली घालत गेला. सगळ्यांना दोन दिवसांत शहरात परतायचं होतं. अन्सेल्म म्हणाला, मी दर ख्रिसमसला येईन, बूट न घालता. सगळे हसले, पण त्याने प्रश्न सुटत नव्हता.

बाबा उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक शिंग होतं, हरणाचं, पिळाचं, धुराने काळं पडलेलं. पाटावर यायला माणसांना हाक घालायचं ते कुळाचं शिंग. ते वाजलं की घरागणिक एकाने खोरं घेऊन निघायचं. न्देसारियो बाबांच्या वडिलांनी ते फुंकल्याचं मी इथल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलं होतं. बाबांनी ते ऐकारुवाच्या हातात दिलं.

"जानेवारीत पहिली डागडुजी," ते म्हणाले. "मुखाशी बांध पक्का करायला हवा. तू बोलाव."

ती शिंग दोन्ही हातांत धरून उभी राहिली, तान्हं मूल धरावं तसं. मला वाटलं ती रडेल, पण ती विचार करत होती.

आम्ही घरी निघालो तेव्हा उन्हं कलली होती. ती पाटाच्या कडेनेच चालत होती. पाणी शेजारून वाहत होतं, आता निवळ, आवाज न करता. दर थोड्या वेळाने ती त्याच्याकडे बघायची, आहे ना अजून म्हणून. तिच्या फाटकाशी आलो. छप्पर नसलेल्या स्वयंपाकघरातून न्सियाच्या मचलारीचा, केळी-मटणाचा वास येत होता. ऐकारुवाने इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून, आणि शिंग तोंडाला लावलं. फुंकलं. नुसती हवा गेली, फुस्स.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली.

"जमेल," मी म्हटलं. "सवयीने जमेल."

"सवय करायची कुठे? इथे फुंकलं तर सगळं गाव खोरी घेऊन पळत येईल. नाहीतर येणार नाही आणि हसत बसेल." ती फाटकाला टेकली. शिंग तिने कांग्याच्या ओच्यात झाकून घेतलं. "मामा केदार, तुझ्या घरात देवापुढे तू ते पांढरं, शिंपल्याचं फुंकतेस ना, संध्याकाळी? गिरणीवर ऐकू येतं."

"शंख."

"तेच. तर मी उद्यापासून त्याच वेळेला येते. तू तुझं फुंक, मी माझं फुंकते. लोकांना वाटेल तुझ्या देवाचं काहीतरी मोठं चाललंय. जानेवारीपर्यंत. तुझ्या देवाला एकदा विचारून बघ ना, चालेल का त्याला."